सतरा नंबर

माझ्या पहिलीच्या वर्गाच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीच्या वहीत, या वर्षी 31 नावं आहेत. दुपारचं अधिवेशन साडेबाराला भरतं. मैदानात परिपाठ होतो: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग एखादी गोष्ट आणि दिनविशेष. ऊन फार असलं की मोठ्या बाई गोष्ट आवरती घ्यायची खूण करतात. मग पोरं रांगेने वर येतात. दप्तरं बाकावर आपटतात, कुणाची पाण्याची बाटली गडगडत थेट फळ्यापाशी येते, कुणाला नेमकी तेव्हाच शू लागते. खिडकीतून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रकची घरघर येत असते, मधूनच ट्रान्सहार्बरची लोकल जाते. या सगळ्या गोंगाटात मी टेबलावरून कॅटलॉग उचलते आणि पुठ्ठा उलटते. तेवढ्या आवाजाने वर्ग गप्प होतो. छडी नाही, ओरडणं नाही. प्रत्येकाला ठाऊक असतं, आता माझं नाव येणार.

एकोणीस वर्षं मी हे करते आहे. या वर्षी मात्र सतरा नंबरपाशी रोज माझा आवाज जरासा अडखळत आला. त्याबद्दलच लिहायचं आहे.

शाळा नवी मुंबईत, दिघा ते तुर्भे या पट्ट्यात, रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला आहे, एवढं पुरे. मुलांची नावंही इथे लिहिणार नाही. ती कॅटलॉगमध्ये आहेत, तिथेच राहू देत. वस्ती कशी आहे ते मात्र सांगते. एका बाजूला मूळचं आगऱ्यांचं गाव, मध्ये एमआयडीसीचे कारखाने, आणि वर डोंगराच्या उतारावर एकाला एक चिकटलेल्या पत्र्याच्या खोल्या. तिथे जालना, परभणी, वाशीम, यवतमाळहून आलेली माणसं राहतात, कलबुर्गी-विजापूरकडची राहतात, उत्तर प्रदेश-बिहारची राहतात. बाप खडी मशीनवर नाहीतर बिगारी, आई सकाळी नाक्यावर उभी राहते. नाक्यावर काम मिळालं तर पोराला शाळेत सोडायला मोठी बहीण येते, नाही मिळालं तर आई स्वतः येते. दारात आई दिसली की आज घरात पैसे आलेले नाहीत हे मला न सांगता कळतं.

हजेरीला पोरं काय काय म्हणतात! मी जूनमध्ये शिकवते, "हजर बाई". पण कुणी मोठ्या बहिणीच्या शाळेतलं "येस टीचर" उचलून आणतं. गावातला एक गोरटेला पोरगा कमरेवर हात ठेवून "हाय बाय" म्हणतो, म्हणजे इंग्रजीतलं हाय-बाय नव्हे, आगरीतलं 'आहे, बाई'. वाशीमकडची एक चुणचुणीत मुलगी पहिले दोन महिने रोज म्हणायची, "आली ना मी." त्या 'ना'मध्ये तक्रार असायची, की समोर बसलेली दिसते आहे, तरी विचारता काय. जून-जुलैमध्ये चार-पाच पोरं तर बोलतच नाहीत. नाव घेतलं की खाली बघतात. त्यांच्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात, नाहीतर कन्नड, नाहीतर भोजपुरी. 'हजर' हा त्यांनी वर्गात उच्चारलेला पहिला मराठी शब्द असतो.

म्हणूनच 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही पोरं आली. 16 एप्रिलला निर्णय, 17 जूनला त्यात दुरुस्ती, 29 जूनला दोन्ही निर्णय मागे आणि पुढचा विचार करायला डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. शाळा 16 जूनला उघडली होती. मधले दोन आठवडे स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. टीव्हीवर अस्मितेची चर्चा चालली होती. मला तीही पटत होती, पण माझी अडचण साधी, पाटीएवढी होती. तांड्यावरून, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीतून, आलेल्या सहा वर्षांच्या पोराची पहिली भाषा गोरमाटी. मराठी त्याची दुसरी. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, ती त्याची तिसरी. कागदावर जी तिसरी दिसत होती ती त्याला चौथी पडणार होती, आणि अजून त्याला वर्गात पाणी मागायची भीती वाटते. त्याच्या जिभेवर आधी एक शब्द नीट बसू दे. त्या शब्दावर सबंध वर्ष उभं राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कॅटलॉग ही मोठी अजब वही आहे. बाहेरच्याला तो चौकटींचा तक्ता वाटेल. आडवी तारीख, उभी नावं. माझी पद्धत अशी, की हजर असेल तर निळी उभी रेघ, नसेल तर लाल फुली. महिनाअखेरीला गोषवारा काढायचा, कामाचे दिवस, एकूण उपस्थिती, सरासरी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस शाळा चालायला हवी. त्या 200 उभ्या ओळींत माझ्या वस्तीचं वर्ष उमटतं. ऑगस्टमध्ये एका आठवड्यात लाल फुल्यांचा सडा पडला की समजायचं, डोंगरावरून पाणी आलं, खोल्यांत चिखल झाला, दप्तरं भिजली. 2025 च्या ऑगस्टमध्ये तसंच झालं. 19 तारखेला तर सुट्टीच जाहीर झाली, पण सुट्टी संपल्यावरही चार दिवस निम्मा वर्ग नव्हता. दप्तर वाळल्याशिवाय पोर येत नाही. गणपतीत कोकणातली पोरं जातात. दिवाळीनंतर मराठवाड्याची परतायला उशीर करतात. होळीला बंजाऱ्यांची पोरं तांड्यावर जातात, कारण होळी त्यांची दिवाळीपेक्षा मोठी. नाक्यावर काम नसलं की फुली, घरात बाळंतपण झालं की पहिलीतल्या मुलीच्या नावापुढे फुली, कारण धाकट्याला सांभाळायला ती सहा वर्षांची आई घरात हवी असते.

याच्या उलट, काही दिवशी निळ्या रेघा दाटतात. 2023 च्या शेवटी पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी माझा वर्ग जवळजवळ भरलेला असायचा. 2025 च्या सुरुवातीला त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि तो वार पुन्हा बाकीच्या वारांसारखा झाला. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या आकड्यांचा खरा अर्थ मला टेम्पोतून पिंप उतरतं तेव्हा कळतो. आधी आम्ही चव घेतो, चव रजिस्टरवर सही करतो, मग ताटं मांडतात. हजेरीत जितक्या रेघा तितकी ताटं. कॅटलॉगमधली एक चूक म्हणजे एका पोराच्या ताटातली खिचडी. ताटाचा हिशोब तरी असा, की चुकला तर वाढणाऱ्या ताई ओरडून सांगतात, "बाई, एक कमी पडलं!"

माझ्या हातून झालेली चूक कुणी ओरडून सांगितली नाही.

2018 ची गोष्ट आहे. तेव्हा माझ्याकडे दुसरी होती. त्या दिवशी परिपाठ चालू असतानाच फोनवर निरोप आला की अमुक माहिती तासाभरात भरून पाठवा. कुठली माहिती ते आता आठवतही नाही. इतकी 'तातडीची' होती, आणि आज आठवत नाही! मी वर्गात आले, मोबाइल घेऊन बसले आणि मॉनिटरला कॅटलॉगपाशी उभं केलं. "तू नावं घे, मी रेघा मारते." पोरगा नावं घेत गेला, कुठून तरी "हजर, हजर" येत गेलं, आणि मी स्क्रीनवरून नजर न काढता अंदाजाने रेघा ओढत गेले. एका मुलीच्या नावाला तिच्या मैत्रिणीने "हजर" म्हटलं. तिला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल, येईलच.

ती आलीच नव्हती. अधिवेशन बदलताना फाटकापाशी सकाळची पोरं बाहेर पडतात आणि दुपारची आत शिरतात, तेव्हा जो रेटा असतो त्यात ती उलटी फिरली होती. आई ऐरोलीकडे एका इमारतीच्या कामावर होती, तिच्याकडे जायचं म्हणून. संध्याकाळी साडेपाचला आई घ्यायला आली. पोरगी नाही. मी म्हटलं, "अहो, होती वर्गात," आणि कॅटलॉग उघडून दाखवला. तिच्या नावापुढे माझी निळी रेघ होती. त्या बाईला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळत होती. तिने त्या रेघेवर बोट ठेवलं.

पुढचे पावणेदोन तास मी जन्मात विसरणार नाही. स्टेशन पाहिलं, नाल्याच्या कडेने गेलो, रिक्षावाल्यांना विचारलं, आमचे शिपाईमामा सायकलवर डोंगराच्या वस्तीत जाऊन आले. सव्वासातला एका वॉचमनचा फोन आला. पोरगी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर झोपलेली होती. आई ज्या इमारतीवर होती तिच्या शेजारच्याच इमारतीत. आई सापडली नाही म्हणून रडून रडून तिथेच झोपली. पायाला खरचटलं होतं, बाकी सुखरूप होती.

आईने तिला कडेवर घेतलं. सात वर्षांची पोरगी, आणि आई तिला तान्ह्यासारखी घट्ट धरून उभी. मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने एवढंच म्हटलं, "बाई, तुमच्या वहीत तर ती होती."

त्यानंतर मी हजेरी कुणाच्या हातात दिलेली नाही. एकेक नाव घेते, मान वर करते, चेहरा बघते, मग रेघ ओढते. याला सहा-सात मिनिटं लागतात. डिसेंबर 2023 पासून राज्यभर मोबाइलवरच्या चॅटबॉटवर रोजची हजेरी भरायची पद्धत आली. तेही मी करते. त्याचा उपयोग मी नाकारत नाही. कुठल्या गावात किती पोरं शाळेत आली हे वर बसलेल्यांना त्याच दिवशी कळणं चांगलंच आहे. पण मध्यंतरी भेटीला आलेले एक साहेब वर्गात उभे राहून म्हणाले, "मॅडम, हजेरी मोबाइलवर जातेय ना? मग ही नावं घेत बसण्यात वेळ का घालवता? डोकी मोजा, झालं." मी त्यांना 2018 ची गोष्ट सांगितली नाही. सांगायला हवी होती असं आता वाटतं. मी फक्त पुढचं नाव घेतलं. पोर म्हणालं, "हजर बाई," आणि साहेब निघून गेले.

डोकी मोजली तर आकडा बरोबर येतो. पण कालच्यापेक्षा आज कुणाचा डोळा सुजलाय, कुणाचा आवाज बसलाय, कुणाच्या अंगावर कालचाच शर्ट आहे, कुणी 'हजर' म्हणताना पहिल्यांदा मान वर केली, हे नाव घेतल्याशिवाय दिसत नाही. निदान मला तरी दिसत नाही.

हजेरीसाठी आपल्याकडे किती खटाटोप झाले आहेत! 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. पुढे 1992 मध्ये राज्याने उलटं केलं. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता, वर्षाला जास्तीत जास्त 220 रुपये. 1917 चा रुपया आणि 1992 चा रुपया यांत जमीन-अस्मानाचं अंतर. तरी दोन्हींमागे पोर वर्गात दिसलं पाहिजे हीच तळमळ आहे, आणि मला ती फार जवळची वाटते. माझ्या आजोळी पाच मामा-मावश्यांपैकी तिघांचा वाढदिवस 1 जून. गुरुजींनी शाळेत घेताना सोयीने घातलेली तारीख. मूल कधी जन्मलं हे गुरुजींना माहीत नव्हतं, पण ते शाळेत आलं की त्याची नोंद झाली पाहिजे, एवढं माहीत होतं. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लागणार. ती पोरं 2030 मध्ये पहिलीत येतील. माझ्या वर्गातल्या कितीतरी आयांचं नाव आजवर कुणी कुठे मोठ्याने घेतलेलं नाही. तोवर मी पहिलीवर असेन तर तो कॅटलॉग मी स्वतः लिहीन, वळणदार अक्षरात.

असेन तर, म्हटलं, कारण 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा आम्हा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागणार. एकोणीस वर्षं शिकवल्यानंतर पुन्हा अभ्यासाला बसणं जड जातं. रात्री भांडी आवरून मी बालमानसशास्त्राची पुस्तकं उघडते. परीक्षा देईन, पास होईन. नोव्हेंबरात एकदा बसूनही आले. हॉलमध्ये माझा बैठक क्रमांक बाकावर चिकटवलेला होता. पर्यवेक्षकांनी ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, सही घेतली, पुढे गेले. सगळं नियमाप्रमाणे झालं. पण दिवसभरात कुणीही माझं नाव घेतलं नाही, आणि परत येताना लोकलमध्ये मला ते विनाकारण टोचत राहिलं. जानेवारीत 15 तारखेला महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा नेमकं उलटं काम आलं. मतदान केंद्रावर पहिल्या मतदान अधिकाऱ्याने मतदाराचं नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्याने वाचायचा असतो. म्हातारी माणसं आपलं नाव मोठ्याने ऐकून ताठ उभी राहत होती. एका आजोबांनी तर सवयीने "हजर" म्हटलं.

आता सतरा नंबर.

हा पोरगा जूनमध्ये आला तेव्हा पहिल्या बाकावर बसायचा, कारण मागे बसलं की त्याला झोप यायची. बाप खडी मशीनवर, आई नाक्यावर, मूळ गाव जालना जिल्ह्यातला एक तांडा. पहिले तीन आठवडे तो हजेरीला काही बोलला नाही. मग एके दिवशी सोळा नंबरवाल्याचं "हजर बाई" संपायच्या आतच याने म्हणून टाकलं, मी त्याचं नाव घ्यायच्या आधीच. त्यानंतर कायमच. मी सोळावं नाव घेत असतानाच तो बाकावरून अर्धा उठलेला असायचा. 'ह' काढताना त्याला जोर द्यावा लागायचा, जणू पाटी पुसायच्या आधी फुंकर मारतोय.

दिवाळीनंतर शाळा उघडली, तो नव्हता. नाव घेतलं. वर्ग म्हणाला, "गावाला गेलाय बाई." लाल फुली. दुसऱ्या दिवशीही तेच. फोन लावला, बंद. डोंगरावर जाऊन आले. शेजारच्या बाई म्हणाल्या, आजोबा आजारी आहेत, येतीलच आठ दिवसांत. डिसेंबर उजाडला. "अजून नाही आला बाई." जानेवारीत दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, त्यांची खोली दुसऱ्यांना दिली. तिथे आता बकरी आहे." त्यानंतर मी नाव घेतलं की वर्ग गप्प व्हायचा. शेवटच्या बाकावरचा एकजण मात्र रोज ठामपणे सांगायचा, "तो येणारे बाई. त्याचं शार्पनर माझ्याकडंय."

मूल दुसरीकडे शाळेत बसलं की तिथले शिक्षक ऑनलाइन मागणी टाकतात, आपण ती मंजूर करतो, मग ते त्यांच्या पटावर जातं. मागणी आलीच नाही तर ते आमच्याकडे नुसतं लटकत राहतं, आणि पुढे ड्रॉपबॉक्सला जातं. आमच्यात सरळ असंच म्हणतात, "अमुक पोरं ड्रॉपबॉक्सला गेली." हा शब्द ऐकला की माझ्या पोटात खड्डा पडतो. म्हणजे कुठल्याच वर्गात कुणी त्याचं नाव घेत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही, हे मला माहीत आहे. पण त्याच्या आईला माहीत असेल का? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मी सतरा नंबर रोज पुकारला. नाव पटावर आहे तोवर घ्यायचं, हा माझा हट्ट. सहकारी म्हणाल्या, "अगं, फुली मारून पुढे जा ना, पोरांचाही वेळ जातो." मी पुढे गेले नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नमस्कार मॅडम. तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेतून बोलतोय. तुमच्याकडचं एक पोरगं दिवाळीपासनं आमच्याकडं बसतंय. आधार नव्हतं जवळ, म्हणून इतके दिवस थांबलो. आता सापडलं, तर त्यावर तुमच्या शाळेचं नाव दाखवतंय. रिक्वेस्ट टाकलीय, तेवढी मंजूर करा बरं."

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. माझ्या हातात ताट होतं, ते मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"येतो का रोज?"

"एक दिवस चुकत नाही. आजा वारला त्याचा, त्या दिवशी फक्त नव्हतं." सर जरा थांबले. "एक सांगू का मॅडम? आमची दोन शिक्षकांची शाळा, आम्ही दोघंही गडीमाणसं. सगळी पोरं 'हजर सर' म्हणतात. हे पोरगं मला रोज 'हजर बाई' म्हणतं. पहिल्यांदा वर्ग लई हसला. मी म्हटलं, म्हणू द्या त्याला."

मला काही बोलता आलं नाही. मी इतकंच विचारलं, "त्याचा हजेरी नंबर किती?"

"सहा."

मागणी त्याच दुपारी मोठ्या बाईंच्या लॉगिनमधून मंजूर झाली. कॅटलॉगमध्ये त्याच्या नावापुढे लाल शाईने 'दाखला दिला' आणि तारीख लिहिली. नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या फुल्या एका ओळीत दिसत होत्या. त्याच्या आधी मात्र जून ते ऑक्टोबर निळ्या रेघा, दाट.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली. सोळा म्हटलं, "हजर बाई." अठरा म्हटलं, तर वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, सतरा राहिला!"

मी कॅटलॉग मिटला आणि सांगितलं, की तो त्याच्या गावच्या शाळेत जातो, रोज जातो, तिथे त्याचा नंबर सहा आहे. मग प्रश्नांची झुंबड उडाली. तिथे बाक आहे का? पंखा आहे का? त्याला आपली कविता पाठ आहे का अजून? तिथे खिचडी मिळते का? यातलं एकही उत्तर मला ठाऊक नव्हतं, म्हणून मधल्या सुट्टीत पुन्हा फोन केला. सर हसले, पण सगळं सांगितलं. सतरंजीवर बसतात. पंखा एक आहे, लाईट असली की फिरतो. काल मटकीची उसळ-भात होता, आणि ह्याने दोनदा घेतला. कविता त्याने म्हणून दाखवली, वर्गाला शिकवलीही. ही उत्तरं मी वर्गात आल्यावर एकेक करून सांगितली. दोनदा उसळ घेतल्याचं ऐकून पोरं खूश झाली.

शेवटच्या बाकावरचा पोरगा काही बोलला नाही. शाळा सुटताना तो टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि मुठीतलं शार्पनर माझ्यापुढे ठेवलं. निळं, एका बाजूने तडकलेलं, पातीला गंज चढलेला.

होळीला डोंगरावरचं एक कुटुंब त्याच तांड्याकडे निघालं होतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाणार होतं. आदल्या दिवशी त्यांच्या मुलीच्या हजेरीनंतर मी आईला बोलावून घेतलं. वहीचं एक पान फाडून शार्पनरची पुडी बांधली, वर त्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली हाताच्या सवयीने 17 लिहून गेले. मग ते खोडून 6 केलं.